थायलंड हप्त्यावर, की दिवेआगर रोखीत?

*ताई, नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८), मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी तीन वर्षांची. अहोंचा एकट्याचा पगार, त्यात घराचा हप्ता. लग्नानंतर महाबळेश्वर झालं, त्यानंतर गावची जत्रा सोडली तर कुठेच गेलो नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीसाठी मी २५ हजार बाजूला काढलेत. पण धाकटे दीर-जाऊ मुलांना घेऊन थायलंडला जाऊन आले आणि तेव्हापासून अहोंच्या डोक्यात थायलंड बसलंय. हप्त्यावर पॅकेज मिळतं, वर्षभरात फिटेल, म्हणतात. मुलगा रोज विचारतो, आपण विमानात कधी बसणार? मला वाटतं कोकणात जावं. पण दोन लहान मुलं, सासूबाईंचे गुडघे, शिवाय मुलीला गाडी लागते. चार दिवस सगळ्यांचं करण्यातच जाणार असतील, तर घरीच बरं नाही का? सासूबाईंना नणंदेकडे ठेवावं असंही मनात येतं आणि मग अपराधी वाटतं. काय करू?*
*– एक आई, ऐरोली*

सप्रेम नमस्कार.

आधी थायलंडचा निकाल लावू, म्हणजे बाकीचं मोकळेपणी बोलता येईल. अहोंना ‘आपल्याला परवडत नाही’ असं म्हणू नका. हे वाक्य नवऱ्यांना झोंबतं आणि मग ते हट्टाला पेटतात. त्याऐवजी एक कागद पुढ्यात ठेवा. त्यावर पहिली ओळ पासपोर्टची. मोठ्यांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, मुलांची १,०००. आठ वर्षांखालच्यांना आणि साठीच्या पुढच्यांना त्यात १० टक्के सूट. तुम्हा पाच जणांचे मिळून ६,१५० रुपये झाले, म्हणजे तुमच्या २५ हजारांतला जवळजवळ चौथा हिस्सा, आणि अजून घराचं दारही ओलांडलेलं नाही. दुसरी ओळ विमानाची. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमानात स्वतःची सीट घ्यावी लागते, त्यामुळे तुमची तीन वर्षांची कन्या हिशेबात जवळपास मोठ्या माणसाइतकीच धरायची. तिसरी ओळ हप्त्याची. त्यात व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी किती, हे एजंटला लेखी विचारा. ‘बिनव्याजी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तर दोनदा विचारा. घराचा एक हप्ता चालू असताना सहलीचा दुसरा लावून घेणं मला तरी पटत नाही. पुढची दिवाळी येईल तेव्हा तुम्ही मागच्या दिवाळीचे पैसे फेडत असाल.

मुलाच्या विमानाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, तेव्हा आपल्या भागातल्या मुलांना विमानाची स्वप्नं पडणारच. त्याला ‘बघू’ म्हणण्यापेक्षा महिना दीड हजारांची आवर्ती ठेव सुरू करा आणि त्याला खातं दाखवा. वर्षाला १८ हजार होतात. धाकटी पाच-सहा वर्षांची झाली की देशातल्या देशात एक छोटा विमानप्रवास, तोही फक्त जातानाचा आणि येताना रेल्वे, असं ठरवून टाका. सहा वर्षांच्या मुलाला वाट बघता येते, फक्त ती कशाची बघायची हे त्याला नीट सांगितलेलं हवं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबले त्याकडे येते: ‘चार दिवस सगळ्यांचं करण्यातच जाणार.’ ही भीती खरी आहे. पण त्याला कारण मुलं कमी आणि आखणी जास्त असते. ‘तीन रात्री, पाच ठिकाणं’ छापाच्या सहलीत रोज सकाळी खोली सोडायची, ओले कपडे पिशवीत कोंबायचे, दुधाची बाटली शोधायची, अकराच्या उन्हात गाडीत बसायचं आणि संध्याकाळी नव्या खोलीत ‘स्विच कुठाय’पासून सुरुवात. पैसा यातच जातो आणि डोकंही यातच फिरतं. तीन वर्षांच्या मुलीला पाच ठिकाणं आणि एक ठिकाण यांतला फरक कळत नाही. तिला वाळू, पाणी आणि वेळेवर भात हवा. म्हणून माझा सल्ला एकच, बाकी सगळं त्यातून निघेल: एक गाव, एक खोली, तीन रात्री. मुक्काम हलवायचा नाही.

गाव म्हणून मी दिवेआगर सुचवते. लांबलचक सपाट किनारा, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्या वाड्यांतच घरगुती राहण्या-जेवणाची सोय. शेजारी बोर्ली पंचतन हे बाजाराचं गाव, त्यामुळे औषधाचं दुकान, दूध, डायपर यांची चिंता नाही. अलिबाग-नागाव जवळ पडतं हे खरं, पण सुट्टीत तिथे अर्धी मुंबई उतरलेली असते आणि भावही त्याच हिशेबाने चढतात.

जायचं एसटीने. यात तुमच्या घराची रचना इतकी सोयीची आहे की मला हिशेब करताना गंमत वाटली. १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या राज्यात सगळ्या महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. म्हणजे तुमचं अर्धं आणि सासूबाईंचं अर्धं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मंच आहे, पण दोन सवलती जोडून पाव तिकीट होत नाही, कंडक्टरशी हुज्जत नको. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं. पाचाखालच्या मुलीचं काहीच नाही. पूर्ण तिकीट फक्त अहोंचं. पाच माणसं, अडीच तिकिटं! मुलाच्या आधार कार्डाची प्रत तेवढी जवळ ठेवा. रेल्वेने माणगावपर्यंत जाता येतं, पण ज्येष्ठांची सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच, आणि दिवाळीत कोकण रेल्वेचं आरक्षण मिळवणं म्हणजे लॉटरी. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी बसून मिळालं तर बघा, नाहीतर त्याच्या नादी लागू नका. माणगावला उतरून पुढे पुन्हा बस किंवा रिक्षा करावीच लागते, तीही सामान आणि पेंगुळलेल्या मुलांसकट.

ऐरोलीहून ठाणे-पनवेल लोकलने सरळ पनवेल, तिथून रिक्षाने एसटी स्थानक आणि तिथून श्रीवर्धन-बोर्लीकडची गाडी. जागा आधी राखून ठेवा, मधल्या भागातल्या, चाकावरच्या नकोत. पनवेलपासून चार-पाच तास धरून चाला. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी वेगळं काय लिहू. २०११ पासून रुंदीकरण चाललंय आणि माणगावच्या कोंडीत कोकणातल्या दोन पिढ्यांनी वडापाव खाल्लेत. म्हणून दिवस महत्त्वाचा. भाऊबीज झाल्यानंतरच्या रविवारी सकाळी निघा आणि बुधवारी परत या. रविवारी सगळे मुंबईकडे परतत असतात, तुम्ही उलट दिशेने जाता. शनिवारचा चढा भाव टळतो आणि अहोंची रजा तीनच दिवस लागते. शाळेची सुट्टी तोवर चालू आहे ना, तेवढं कॅलेंडरात बघून घ्या.

मुलीला गाडी लागते ना? माणगावनंतर म्हसळ्याकडे वळलं की रस्ता नागमोडी होतो, तिथे खरी परीक्षा. त्या सकाळी दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, तोही थोडाच. तिला मांडीवर समोर तोंड करून बसवा, हातात मोबाइल अजिबात नको. कागदी पिशव्या आणि ओला नॅपकिन बॅगेत तळाशी नको, तुमच्या पदराशी हवा. औषध द्यायचंच असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून विचारा, मोठ्यांची गोळी अर्धी करून नको. आधी रंगीत तालीमही करता येईल. एखाद्या रविवारी नेरुळला गाडी बदलून उरणची लोकल पकडा. जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते. पीरवाडीचा किनारा बघून संध्याकाळी घरी. त्या एका दिवसात कळेल की कोण किती वेळ चालतं, कोणाला कधी भूक लागते आणि बॅगेतल्या कोणत्या वस्तू उगाच वाहिल्या.

खोलीच्या बाबतीत फोटोंवर जाऊ नका. फोटोत सगळ्या गाद्या पांढऱ्या आणि सगळे समुद्र निळे असतात. फोन करा आणि विचारा. खोली तळमजल्यावर आहे का? संडास कमोडचा आहे का? सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हे दोन प्रश्न समुद्राच्या देखाव्यापेक्षा मोठे आहेत. पाच जणांना एकच मोठी खोली देता का, आणि जादा गादीचे किती? मुलांचे वेगळे पैसे लावता का? वीज गेली तर पंखा चालतो का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? किनारा चालत किती, आणि मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? दुपारी बारा-एकला पोचलो तर खोली लगेच मिळेल का? मालकीणबाई न कंटाळता उत्तरं देत असतील तर जागा चांगली, असा माझा ठोकताळा आहे. आगाऊ रक्कम पाव भागाहून जास्त पाठवू नका. सुट्टीच्या तोंडावर खोट्या पानांवरून पूर्ण पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास होतात, त्यामुळे नकाशावरचा फोन नंबर आणि तुम्हाला मिळालेला नंबर एकच आहे का ते पडताळा. जमलं तर आधी तिथे राहून आलेल्या एखाद्या ओळखीच्याला विचारा. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत कोणी ना कोणी दिवेआगरला जाऊन आलेलं असतंच.

खाण्याचा खर्च तुमच्या बाबतीत निम्मा आधीच झालेला आहे, कारण घरात फराळ असणार. चिवडा, शंकरपाळे, लाडू यांचे डबे घ्या, चहाच्या वेळा त्यावर निघतात आणि बाहेरच्या वेफर्सचे पैसे वाचतात. घरगुती जेवणात एक पद्धत लक्षात ठेवा: सकाळीच सांगून ठेवावं लागतं, किती माणसं, शाकाहारी किती. न सांगता दीड वाजता जाऊन बसलात तर उपाशी राहाल किंवा हॉटेल शोधाल. मुलीसाठी मऊ भात-वरण बाजूला काढायला सांगा, त्याचे वेगळे पैसे बहुधा कोणी लावत नाही. मासे एका जेवणाला, तेही भाव आधी विचारून, कारण सुरमई-पापलेटचा दर दिवसावर असतो. मोदक मात्र सांगाच. उकडीचे मोदक तुम्ही स्वतः न वळता खायला मिळणं हीच मला अर्धी सुट्टी वाटते.

दिवस कसा घालवायचा, याचं वेळापत्रक मी देणार नाही. सकाळी किनारा, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा किनारा. दुपारची झोप मोडू नका. ती मोडली की संध्याकाळी घरात दोन नाही, चार मुलं होतात. मुलाने दिवाळीत सोसायटीत किल्ला केला असेल तर त्यातले मावळे एका डब्यात भरून घ्या आणि वाळूत दुसरा किल्ला करू द्या. यावर तीन सकाळी सहज निघतात आणि खर्च शून्य. एक दिवस रिक्षा ठरवून हरिहरेश्वर करा. दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता बराचसा समुद्राला लगटून जातो, सासूबाईंना तो बसल्या जागी बघता येईल. हरिहरेश्वराच्या जवळच बागमांडला आहे. तिथून खाडीपलीकडे वेशवीला फेरीबोट जाते, जिच्यात मोटारी, ट्रकसुद्धा चढतात. तुम्हाला पलीकडे काही काम नसेना का, नुसतं जाऊन परत या. थोड्या रुपयांत बोट, ट्रक आणि समुद्र एकदम! तुमच्या मुलाला विमानाचा विसर पडेल असं मी म्हणत नाही, पण दोन दिवस तो बोटीबद्दलच बोलेल.

समुद्राबाबत मात्र मी कडक आहे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या खडकांवर मुलांना नेऊच नका. मोठी माणसंही तिथे लाटेने ओढली गेली आहेत. दर्शन घ्या आणि मागे फिरा. दिवेआगरला पाण्यात जायचं ते ओहोटी-भरतीची वेळ मालकांना विचारून. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. घोटाभर पाण्यापुढे मुलं नाहीत आणि एका मुलामागे एक मोठा माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नाही. सासूबाईंना यात धरू नका.

सासूबाईंबद्दल तुम्ही दोन शक्यता मांडल्यात, न्यायचं की ठेवायचं. तिसरी गोष्ट राहूनच गेली: त्यांना विचारलंय का? कदाचित त्यांनाच चार दिवस लेकीकडे निवांत जायचं असेल आणि सुनेला वाईट वाटेल म्हणून त्या गप्प असतील. किंवा त्यांना यायचं असेल, पण ‘माझ्यामुळे खोळंबा’ म्हणून नको म्हणत असतील. एकटीने विचारा, अहोंसमोर नाही. आल्या तर त्यांच्या आवडीचं तिथे पुष्कळ आहे. गावातच सुवर्णगणेशाचं देऊळ आहे. १९९७ मध्ये जमिनीत सापडलेला सोन्याचा मुखवटा २०१२ मध्ये चोरीला गेला, मग २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. ही गोष्ट सासूबाई मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. जवळच रूपनारायणाचं देऊळ आहे, तिथली विष्णूची मूर्ती शिलाहारांच्या काळातली. फक्त एक पथ्य पाळा: ‘आई, जरा मुलांकडे बघा हं’ म्हणून तुम्ही दोघं सटकायचं नाही. त्याही सुट्टीवर आल्यात.

मग तुम्हाला मोकळीक कोण देणार? अहो. निघण्याआधीच वाटून घ्या. सकाळी सहा ते आठ मुलांचं सगळं त्यांनी बघायचं, दात घासण्यापासून नाश्त्यापर्यंत, आणि तुम्ही एकट्या किनाऱ्यावर चालायला. बदल्यात दुपारी त्यांनी दोन तास ताणून द्यायची. हे आधी ठरलेलं नसेल तर तिथे गेल्यावर ‘मी काय करू ते सांग’ सुरू होतं, आणि सांगत बसण्यातच तुमची सुट्टी जाते. थायलंड सोडल्याबद्दल ते थोडे रुसलेले असतील, तेव्हा रिक्षा ठरवणं, बोटीच्या वेळा काढणं ही खाती त्यांच्याकडे द्या. पुरुषांना मोहीम लागते.

पैशांची वाटणी मी अशी करीन. येण्या-जाण्याला ३ हजार. तेवढे लागणार नाहीत, पण परतताना मुलीची तब्येत बिघडली तर माणगाव किंवा पनवेलहून गाडी करायला हात आखडू नये म्हणून. राहण्याला ९ हजारांची मर्यादा, म्हणजे रात्रीला तीन. जेवणाखाण्याला ६ हजार. रिक्षा आणि फेरीबोटीला ३ हजार. मुलांच्या खाऊला आणि किनाऱ्यावरच्या फुटकळ हट्टांना १ हजार. ते मुलाच्या हाती रोज थोडे सुटे करून द्या आणि संपले की संपले. उरले ३ हजार वेगळ्या पाकिटात, त्यांना हात लावायचा नाही. ते तसेच परत आले तर विमानाच्या ठेवीत टाका.

गाडी लागण्याचं प्रकरण तालमीतच हाताबाहेर गेलं तर दिवेआगर पुढच्या वर्षावर ढकला आणि माथेरान करा. नेरळपर्यंत लोकल; पण मग माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही, प्रवेशकर वेगळा आणि तीन वर्षांच्या मुलीसह चालायचं म्हटलं की घोड्यावर पैसे जातात. दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून छोटी रेल्वेगाडी मिळते, ती पकडलीत तर सासूबाईंचीही सोय होते. स्वस्त वाटतं तेवढं स्वस्त नाही, हे धरून जा.

औषधांच्या पिशवीत तापाचं औषध, ओआरएस, डासांचं मलम आणि सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवा. कपडे कमी घ्या, टॉवेल जास्त. बुधवारी शेवटच्या गाडीची वाट बघू नका, सकाळची पकडा. अंधार पडायच्या आत ऐरोलीला पोचलात तर वाळूचे कपडे त्याच रात्री मशिनला लागतील आणि गुरुवारी अहो वेळेवर कामावर जातील. आजच संध्याकाळी दिवेआगरला दोन-तीन ठिकाणी फोन करा. भाऊबिजेनंतरच्या रविवारच्या तळमजल्याच्या खोल्या आधी जातात.